परभक्षी कोळी : वातावरणाचा परिणाम व घ्यावयाची काळजी

गुलाब, जरबेरा, स्ट्रॉबेरी, काकडी या पिकांत लाल कोळी पानांच्या मागील बाजूस राहून रस शोषतात. त्यांच्या जैविक नियंत्रणासाठी परभक्षी कोळी सोडले जातात. मात्र वातावरण अनुकूल नसेल तर ते टिकत नाहीत. खर्च वाया जातो आणि कीड वाढत राहते.

तापमान व आर्द्रता
• फायटोसियुलस पर्सिमिलिस या प्रजातीस सुमारे २० ते २७ अंश सेल्सिअस तापमान व ६० टक्क्यांपेक्षा जास्त आर्द्रता मानवते. हवा कोरडी असल्यास तिची अंडी सुकतात.
• तापमान ३० अंशांपुढे गेल्यावर ही प्रजाती कमी पडते. लाल कोळी मात्र उष्ण, कोरड्या हवेत झपाट्याने वाढतात. त्यामुळे उन्हाळ्यात केवळ तिच्यावर विसंबू नये.
• निओसियुलस कॅलिफोर्निकस उष्णता व कोरडेपणा अधिक सहन करते.
• पॉलिहाउसमध्ये दुपारी सावली व फॉगरचा वापर करावा. पाने रात्रभर ओली राहू देऊ नयेत, अन्यथा बुरशीजन्य रोग वाढतात.

खाद्य
पर्सिमिलिस जवळजवळ पूर्णपणे लाल कोळ्यांवरच जगते. कीड नसताना सोडल्यास उपासमार होते. झाडे जाळ्यांनी झाकल्यावर सोडल्यास उशीर झालेला असतो. पहिली लक्षणे दिसताच सोडावे. अँब्लिसियस स्विर्स्की परागकणांवरही जगते. मात्र ती फुलकिडे व पांढरी माशी यांसाठी उपयुक्त असून लाल कोळ्यांच्या दाट जाळ्यात तिचा वावर अडतो.

पानांची रचना
टोमॅटोवरील चिकट लव परभक्षी कोळ्यांना अडथळा ठरते. ढोबळी मिरचीच्या पानांवर शिरांच्या बेचक्यातील केसाळ खाचांत त्यांना आसरा मिळतो.

फवारणी
सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन यांसारखी सिंथेटिक पायरेथ्रॉइड कीटकनाशके परभक्षी कोळ्यांना मारतात. त्यांचा अंश पानांवर अनेक दिवस राहतो. त्यामुळे कोळी सोडण्यापूर्वीच्या फवारण्यांची नोंद तपासावी. गंधकाचा वापरही जपून करावा.

ओळख
आठवड्यातून एकदा १० पट भिंगाने पानांची मागील बाजू पाहावी. पर्सिमिलिस नारिंगी-लाल, नासपतीच्या आकाराची व चपळ असते. अंगावर दोन गडद ठिपके असलेले, संथ चालणारे कोळी ही कीड होय. लाल रंग पाहून मित्र कोळ्यांवर फवारणी करू नये. शंका असल्यास पानांचा नमुना कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांना दाखवावा.