बक्षीसपत्राची घाई कशासाठी?

नांदेड असो की लातूर, दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर एक सल्ला हमखास कानावर पडतो : "काका, जितेपणीच लेकरांच्या नावावर करून टाका. उद्या वारसा कर आला तर सगळं जाईल, आणि मागं भांडणं होतील ती वेगळीच." सल्ला देणारे बहुधा अनुभवी असतात, त्यांचा हेतूही चांगला असतो. म्हणूनच तो खोडून काढण्याआधी त्यांची बाजू पूर्ण मांडली पाहिजे.

त्यांचे म्हणणे तीन मुद्द्यांचे आहे. पहिला मुद्दा भीतीचा. एप्रिल २०२४ मध्ये, लोकसभा निवडणुकीच्या धामधुमीत, काँग्रेसचे सॅम पित्रोदा यांनी अमेरिकेतील वारसा कराचा उल्लेख केला आणि गावोगावी धास्ती पसरली. दुसरा स्वस्ताईचा. २०१५ पासून महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुले वा नातवंडांना बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये आहे. अधिभार तेवढा वेगळा. तिसरा शांततेचा. बाप गेल्यावर वारस नोंद, फेरफार, हरकती आणि दिवाणी दावे यांत पिढी खर्ची पडते, ती टळेल. तिन्ही मुद्दे ऐकायला बिनतोड वाटतात. आता एकेक तपासू.

भारतात वारसा करासारखेच संपदा शुल्क होते. १९५३ च्या कायद्याने ते आले आणि पुढे त्याचा कमाल दर ८५ टक्क्यांवर गेला. १९८५ मध्ये अर्थमंत्री विश्वनाथ प्रताप सिंह यांनी ते रद्द केले. उत्पन्न जेमतेम २० कोटी आणि त्या मानाने वसुलीचा खर्च फार, हे कारण त्यांनी संसदेत दिले. देणाऱ्यावरचा बक्षीस करही १९९८ मध्ये गेला. आज वारशाने मिळालेल्या मालमत्तेवर कर नाही आणि बापाने लेकाला दिलेल्या मालमत्तेवरही नाही. पुढे ती विकली, तर नफा मोजताना दोन्ही प्रकारांत मूळ मालकाचीच खरेदी किंमत धरतात. दोन्ही पारडी सारखी असताना बक्षीसपत्राने वाचते ते काय?

"पण उद्या कर आला तर?" जुना कायदा वाचा. मृत्यूपूर्वीच्या दोन वर्षांत दिलेली बक्षिसे त्यात मृताच्याच संपत्तीत धरली जात. ब्रिटनमध्ये ही मुदत सात वर्षांची आहे. शिवाय घर मुलाला देऊन बाप पूर्वीसारखा फुकट त्यातच राहिला, तर कराच्या हिशेबी ते दिलेच नाही असे धरतात. जो कायदा अजून लिहिलाच गेलेला नाही, त्याची पळवाट आज कोण सांगू शकेल? या भीतीपोटी हातचे घर सोडणे शहाणपणाचे नाही.

स्वस्ताईचेही तसेच. शुल्क २०० रुपये असेल, पण किंमत किती? नोंदणीकृत बक्षीसपत्र एकदा झाले की मन बदलले म्हणून ते मागे घेता येत नाही. फेरफार मंजूर झाला की सातबाऱ्यावरून बापाचे नाव जाते. त्या जमिनीवरचे पीककर्ज आणि किसान सन्मान निधीचा हप्ता यांवरचा त्याचा हक्कही मग उरत नाही. उलट मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही. दोन साक्षीदार पुरतात, नोंदणी ऐच्छिक आहे आणि शेवटच्या श्वासापर्यंत ते बदलता येते. मग स्वस्त कोणते?

राहिली भांडणे. मिताक्षरा कायद्यानुसार एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित जमिनीतला स्वतःचा अविभक्त हिस्सा इतर सहहिस्सेदारांच्या संमतीवाचून बक्षीस देता येत नाही. मृत्युपत्राने मात्र तो देता येतो; १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने ती मुभा दिली आहे. २००५ पासून मुलगीही जन्मतः सहहिस्सेदार आहे, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावरचा उरलासुरला संशय फेडला. असे असता लेकीला न विचारता दोन मुलांच्या नावे केलेले बक्षीसपत्र भांडण मिटवते की दाव्याचे पहिले कागदपत्र ठरते?

आणि मालमत्ता हातची गेल्यावर म्हातारपणी सांभाळ कोण करणार? लातूरचाच दाखला घ्या. आईवडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून ३० टक्के रक्कम कापून ती पालकांच्या खात्यावर टाकण्याचा ठराव लातूर जिल्हा परिषदेने २०२० मध्ये केला. ठराव स्तुत्य होता. पण तो करावा लागला, हेच पुरेसे बोलके नाही का? शिवाय शेती किंवा दुकान करणाऱ्या मुलाचा पगार कोण कापणार? २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्राधिकरण बक्षीसपत्र रद्द करू शकते, हे खरे. मात्र सांभाळण्याच्या अटीवर ते दिले होते, हे दाखवावे लागते. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या अटीवर बोट ठेवले; जानेवारी २०२५ मध्ये कायद्याचा अर्थ उदारपणे लावा असेही सांगितले. म्हातारपणी न्यायालयाच्या उदारतेवर विसंबून राहावे काय?

दोन गोष्टी प्रांजळपणे मान्य करतो. मुस्लिम कुटुंबांत मृत्युपत्र साधारणतः एक तृतीयांश मालमत्तेपुरतेच चालते, म्हणून तिथे हिब्याचा, म्हणजे हयातीतल्या बक्षिसाचा, विचार वेगळा करावा लागतो. दुसरे, लेकराला शिक्षणाला, धंद्याला पैसा हवा असेल तर जरूर द्या. कितीही दिला तरी त्याला त्यावर कर नाही. फक्त बँकेतून द्या. एका व्यक्तीकडून एका दिवसात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो, आणि बापलेकाचे नाते त्याला अपवाद नाही.

थोडक्यात, पैसा द्यावा. राहते घर आणि पोटाची जमीन हयातीत देऊ नये. द्यायचीच असेल तर सांभाळण्याची अट बक्षीसपत्रातच लिहून घ्यावी. कर वाचत नाही, भांडण टळत नाही आणि हक्क तेवढा जातो. यावर निकाल वाचकांनीच द्यावा.