नेपाळला जाताय? आधी धर्मापुरीचा केदारेश्वर बघून जा!

मंडळी, सुट्ट्या लागल्या की आपल्या अंबाजोगाई-परळी भागातली माणसं नेपाळ यात्रेला निघतात. पशुपतिनाथ, मुक्तिनाथ, जनकपूर, लुंबिनी. जावंच. पण काठमांडूजवळच्या भक्तपूरला गेलात, तर तिथल्या जुन्या राजवाड्यातली देवी कोण, हे जरूर विचारा. उत्तर मिळेल, तळेजू भवानी!

तळेजू आणि आपली तुळजा. काही अभ्यासक या दोघींचा संबंध जोडतात. त्यामागं इतिहास आहे. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा सहावा विक्रमादित्य (१०७६ ते ११२६). त्याची राजधानी म्हणजे आजचं बसवकल्याण, आणि आपला हा मुलूख त्याच राज्यात. चालुक्यांच्या फौजांबरोबर उत्तरेत गेलेल्या कर्नाट सरदारांपैकी नान्यदेव हा एक असावा, असं इतिहासकार मानतात. त्यानं १०९७ मध्ये सिमरौनगढला गादी स्थापली. हे ठिकाण आज नेपाळच्या तराईत आहे. पुढं १३२४-२५ च्या सुमारास तुघलकाच्या फौजेनं ते उद्ध्वस्त केलं. राजा हरिसिंहदेव डोंगराकडं पळाला, वाटेतच गेला. त्याची राणी देवलदेवी भक्तपूरच्या आश्रयाला पोचली. तळेजू याच घराण्याबरोबर आली, असं तिथली परंपरा सांगते.

आता धर्मापुरीला या. इथलं केदारेश्वर मंदिर त्याच चालुक्य काळातलं. बाहेरच्या भिंतीवर सुरसुंदरी, देवदेवता, एकेक मूर्ती बघत राहावी अशी. गावात किल्ला आहे, त्याच्या तटातही जुन्या देवळांचे कोरीव दगड बसवलेले दिसतात.

भक्तपूरनं काय केलं? १९३४ चा भूकंप झेलला, २०१५ चाही. १७०२ चं पाच मजली न्यातपोल देऊळ दोन्ही वेळा उभं राहिलं. वत्सला देवीचं देऊळ २०१५ ला कोसळलं, ते तिथल्याच कारागिरांनी पुन्हा उभारलं. परदेशी पाहुण्यांकडून नगरपालिका प्रवेश शुल्क घेते आणि तो पैसा वारशाच्या कामाला लावते.

आपल्याकडं भूकंपाची गरज नाही. झुडपं, दगडावर मारलेला ऑइलपेंट आणि आपलं दुर्लक्ष एवढं पुरतं. शासनाची जबाबदारी आहेच, ती मागू. पण एक फलक, साफ रस्ता, शाळेची वर्षातून एक सहल, एवढं तर गाव करू शकतं ना?

केदारनाथ, पशुपतिनाथ जरूर करा. दारातला केदारेश्वर तेवढा विसरू नका.