सॅट (प्रवेश परीक्षा)

सॅट ही अमेरिकेतील महाविद्यालयांत पदवी अभ्यासक्रमाला प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी घेतली जाणारी प्रमाणित परीक्षा आहे. 'कॉलेज बोर्ड' ही ना-नफा संस्था तिचे संचालन करते. 'स्कोलॅस्टिक अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट' (शैक्षणिक अभिक्षमता चाचणी) या मूळ नावाची ही आद्याक्षरे होत. आता मात्र ती कोणत्याही नावाचे संक्षिप्त रूप मानली जात नाहीत. प्रमाणित परीक्षेत प्रश्नांचे स्वरूप, वेळ आणि गुणदानाची पद्धत सर्वांसाठी एकच असते. त्यामुळे निरनिराळ्या शाळांतील विद्यार्थ्यांची तुलना एकाच मापाने करता येते, असे गृहीत धरले जाते.

इतिहास

कॉलेज बोर्डाची स्थापना इ.स. १८९९ मध्ये झाली. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या बुद्धिमापनासाठी 'आर्मी अल्फा' ही चाचणी वापरली गेली. त्या कामाशी संबंधित असलेले प्रिन्स्टन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिगॅम यांनी याच धर्तीवर सॅटची रचना केली. २३ जून १९२६ रोजी झालेल्या पहिल्या परीक्षेस सुमारे ८,००० विद्यार्थी बसले. ब्रिगॅम यांनी १९२३ च्या आपल्या ग्रंथात बुद्धिमत्तेची वंशावर आधारित उतरंड मांडली होती. ते निष्कर्ष निराधार असल्याचे त्यांनी स्वतःच १९३० मध्ये मान्य केले.

१९३३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष झालेले जेम्स कॉनंट यांनी शिष्यवृत्तीसाठी सॅटचा वापर सुरू केला. पूर्व किनाऱ्यावरील धनिकांच्या शाळांबाहेरील गुणी विद्यार्थी शोधणे हा त्यामागील हेतू होता. परीक्षांच्या निर्मितीसाठी १९४७ मध्ये 'एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस' ही संस्था स्थापन झाली. १९५९ मध्ये 'एसीटी' ही प्रतिस्पर्धी परीक्षा सुरू झाली.

स्वरूप

परीक्षेचे वाचन-लेखन आणि गणित असे दोन विभाग असून प्रत्येकास २०० ते ८०० या श्रेणीत गुण दिले जातात. एकूण गुण १६०० असतात. २००५ ते २०१६ या काळात ते २४०० होते. २०२४ पासून अमेरिकेतही परीक्षा संगणकावर घेतली जाते. तीत ९८ प्रश्न असून २ तास १४ मिनिटांचा अवधी मिळतो. प्रत्येक विभागाच्या पहिल्या भागातील कामगिरीनुसार दुसऱ्या भागाची काठिण्यपातळी ठरते. चुकीच्या उत्तरासाठी गुण वजा होत नाहीत. भारतातही परीक्षा केंद्रे आहेत.

प्रवेशप्रक्रियेतील स्थान

भारतातील जेईई किंवा नीटप्रमाणे सॅटच्या गुणांवरून गुणवत्ता यादी लावली जात नाही. शालेय गुण, निबंध, शिफारसपत्रे आणि शालेय वर्गाबाहेरील कार्य यांच्या जोडीने ते विचारात घेतले जातात.

टीका आणि वाद

कुटुंबाचे उत्पन्न वाढते तसे सरासरी गुणही वाढतात, हा सॅटवरील प्रमुख आक्षेप आहे. खासगी शिकवणी आणि परीक्षा पुन्हा देण्याची ऐपत सर्वांपाशी नसते. बोडन महाविद्यालयाने १९६९ मध्येच प्रमाणित परीक्षेची सक्ती रद्द केली. कोविड-१९ साथीच्या काळात बहुसंख्य संस्थांनी हाच मार्ग स्वीकारला, तर कॅलिफोर्निया विद्यापीठाने प्रवेशासाठी या गुणांचा वापरच थांबवला.

मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेने २०२२ मध्ये, तर डार्टमथ, येल आणि हार्वर्ड यांनी २०२४ मध्ये प्रमाणित परीक्षेची अट पुन्हा लागू करण्याचे जाहीर केले. साधनांची कमतरता असलेल्या शाळांतील होतकरू विद्यार्थी ओळखण्यास हे गुण साहाय्यभूत ठरतात, असा त्यांचा युक्तिवाद आहे. निबंध, शिफारसपत्रे आणि छंद यांवरही आर्थिक स्थितीचा प्रभाव पडतो, याकडे परीक्षेचे समर्थक लक्ष वेधतात. परिणामी, परीक्षा विषमता निर्माण करते की शालेय जीवनात आधीच रुजलेली विषमता केवळ दाखवून देते, हा या वादाचा कळीचा प्रश्न ठरला आहे.