पहिल्या बियाण्याचा हिशेब

फाइल-वाटणीचा इतिहास आपल्यापर्यंत पोहोचला तो बहुतेक कोर्टकचेऱ्यांच्या वाटेने. चोरून पाहिलेले सिनेमे, कंपन्यांचे दावे, बंद पडलेली संकेतस्थळे. या गदारोळात एक मूळ प्रश्न झाकला गेला. एखादी वस्तू जगात एकाच माणसाकडे आहे, ती हजारोंना हवी आहे आणि देणाऱ्याचे साधन तुटपुंजे आहे. तर त्याने कुणाला, काय आणि किती द्यावे? मला या इतिहासात रस वाटतो तो या प्रश्नामुळे.

१९९९ साली शॉन फॅनिंगने नॅपस्टर सुरू केले. गाणी लोकांच्या संगणकांवर आणि त्यांची यादी मात्र कंपनीच्या संगणकावर, अशी ती रचना होती. यादी एका जागी असल्यामुळे न्यायालयाचा हात तिथे सहज पोहोचला आणि जुलै २००१ मध्ये ती सेवा थांबली. पण नॅपस्टरला आणखी एक मर्यादा होती. अख्खे गाणे एकाच माणसाकडून घ्यावे लागे. गाणे चार-पाच मेगाबाइटचे, म्हणून ते निभावले. शेकडो मेगाबाइटच्या फाइलला ही रीत पुरणारी नव्हती.

त्याच जुलैमध्ये ब्रॅम कोहेन या अमेरिकी प्रोग्रामरने बिटटॉरेंट जाहीर केले. त्याने फाइलचे लहान लहान तुकडे पाडले. प्रत्येक तुकड्याची गणिती खूण आधीच एका छोट्या फाइलीत नोंदवली, म्हणजे अनोळखी माणसाकडून आलेला तुकडा अस्सल की बनावट हे लगेच ताडता यावे. आणि मुख्य म्हणजे, घेणारा घेत असतानाच हाती आलेले तुकडे इतरांना देऊ लागला. ज्याच्याकडून मिळते त्याला अधिक द्यायचे, हा रोकडा व्यवहार त्यात गोवलेला होता. या पद्धतीची परिभाषाही बोलकी आहे. संपूर्ण फाइल जवळ असलेला तो ‘सीड’, म्हणजे बियाणे. नुसता घेणारा ‘लीच’, म्हणजे जळू. आणि सगळ्यांचा मिळून ‘स्वॉर्म’, म्हणजे मोहोळ.

ही पद्धत मोठ्या प्रमाणावर चालते याचा पुरावा लवकरच मिळाला. २००३ साली रेड हॅट लिनक्स ९ ही मुक्त प्रणाली बिटटॉरेंटवरून वाटली गेली. फाइल १.७७ गिगाबाइटची होती. त्या वाटपाच्या पाच महिन्यांच्या नोंदी संशोधकांनी पुढे तपासल्या, तेव्हा घेणाऱ्यांची संख्या १,८०,००० हून अधिक भरली. त्यांपैकी ५०,००० हून अधिक पहिल्या पाच दिवसांतच आले होते. मागणीचा असा लोंढा सुरुवातीलाच येतो, आणि प्रती सर्वांत कमी असतात त्याही सुरुवातीलाच.

देणारा एखादी संस्था असेल तर ती मोठे यंत्र लावील. घरात बसलेल्या माणसाचे काय? त्या काळच्या घरगुती जोडण्यांत आत येणारी वाट रुंद आणि बाहेर जाणारी अरुंद असे. समजा, एका सीडीएवढी, म्हणजे ७०० मेगाबाइटची फाइल आहे आणि बाहेर पाठवण्याचा वेग सेकंदाला ३२ किलोबाइट आहे. एक प्रत बाहेर पडायला सव्वासहा तास लागतील. शंभर जणांना एकेक प्रत स्वतंत्रपणे द्यायची तर जवळजवळ सव्वीस दिवस. मोहोळात मात्र हिशेब बदलतो. तत्त्वतः प्रत्येक तुकडा एकदा बाहेर पडला की पुरे. पुढची वाटणी घेणारे आपसात करतात.

तत्त्व आणि व्यवहार यांत इथे फट होती. २५६ किलोबाइटचा एक तुकडा धरला, तर या फाइलचे २,८०० तुकडे होतात. सर्वांत दुर्मीळ तुकडा आधी मागावा, असा नियम कोहेनने घेणाऱ्यांना घालून दिला होता. पण दुर्मीळ कोणता, हे प्रत्येक जण आपापल्या शेजाऱ्यांकडे पाहून ठरवी. त्यामुळे दोघे एकाच वेळी बियाण्याकडे तोच तुकडा मागू शकत. कुणी तुकडा घेऊन निघूनही जाई. म्हणजे काही तुकडे दोन-तीनदा बाहेर पडत आणि काही पडतच नसत. अशात बियाणे बंद पडले, तर शेकडो जणांकडे मिळून २,७९९ तुकडे आणि संपूर्ण फाइल कुणाकडेच नाही, असा प्रसंग येई.

यावर जॉन हॉफमन याने २००३ मध्ये, बिटटॉर्नेडो या आपल्या प्रोग्राममध्ये, उपाय काढला. त्याला ‘सुपर-सीडिंग’ म्हणतात. म्यूटॉरेंट या पुढे लोकप्रिय झालेल्या प्रोग्राममध्ये तोच ‘इनिशियल सीडिंग’ या नावाने आला. युक्ती अशी, की ज्याच्याकडे सगळे आहे त्याने आपल्याकडे काहीच नाही असे सोंग घ्यायचे. कुणी जोडला गेला की त्याला सांगायचे, ‘माझ्याकडे एक तुकडा आला आहे.’ तो अर्थातच तेवढाच मागतो. दुसऱ्याला दुसरा तुकडा, तिसऱ्याला तिसरा. आणि दिलेला तुकडा मोहोळातल्या आणखी कुणाकडे पोहोचलेला दिसेपर्यंत त्या घेणाऱ्याला पुढचा तुकडा दाखवायचाच नाही. पाभरीवर चाड्यावर मूठ धरणारा जसे मोजके दाणे सोडतो, तसेच हे काम. मूठ सैल सुटली तर एका तासात दाटी होते आणि बी संपल्यावर उरलेले रान मोकळे राहते.

हॉफमनच्या टिपणात आकडे दिलेले आहेत. साध्या बियाण्याला दुसरी पूर्ण प्रत तयार होईपर्यंत फाइलच्या दीडशे ते दोनशे टक्के मजकूर पाठवावा लागे. या रीतीने एका मोठ्या फाइलचे काम १०५ टक्क्यांत झाले. आपल्या उदाहरणात सांगायचे तर सव्वानऊ ते साडेबारा तासांऐवजी सुमारे साडेसहा तास. त्याच टिपणात त्याने इशाराही दिला आहे: ही रीत सरसकट वापरू नये, फक्त पहिल्या वाटपासाठी वापरावी. कारण घेणाऱ्याची निवड तिने आखडते. घेणारा एकटाच असेल तर ती निरर्थक आहे. तो तुकडा पुढे देणार कुणाला?

हातचे राखून देणे हा आपल्या भाषेत दोष मानला जातो. इथे मात्र देणारा दुबळा असल्यामुळेच राखून देणे सर्वांच्या हिताचे ठरले. मोकळ्या हाताने देणारे बियाणे मागणाऱ्याची इच्छा पुरवते. राखून देणारे बियाणे मागणाऱ्यालाच देणारा करते. हॉफमनची रीत माणसाच्या चांगुलपणावर विसंबत नाही. तुकडा पुढे गेला की नाही, एवढेच ती पाहते.

पण तिची हद्दही तिथेच संपते. दुसरी पूर्ण प्रत तयार झाली की पहिले बियाणे मोकळे होते. त्यानंतर फाइल जिवंत राहते ती पूर्ण झालेल्यांपैकी कुणीतरी थांबल्यामुळे. पूर्ण झालेल्याला आता कुणाकडून काही नको असते, म्हणून रोकड्या व्यवहाराचा नियम त्याला लागू पडत नाही. पहिल्याने कसे द्यावे याचे उत्तर गणिताने दिले. शेवटच्याने का थांबावे, हे त्याला सांगता आलेले नाही, आणि कितीतरी जुन्या फाइली याच ठिकाणी संपल्या आहेत.