बंदिवान तत्त्वज्ञ बोएथियस

रोममध्यें वर्षास दोन कॉन्सल होत. इ. स. ५२२ सालीं हीं दोन्ही पदें बोएथियसच्या दोघां पुत्रांस मिळालीं. पित्याच्या भाग्याला सीमा उरली नाहीं. पण दोनएक वर्षांतच तो पाव्हिया येथें बंदिवासांत मृत्यूची वाट पाहत होता.

इटलीवर तेव्हां थिओडोरिक या गॉथ राजाची सत्ता होती व बोएथियस त्याचा मोठा अधिकारी. आल्बिनस या सेनेट-सभासदानें पूर्वेकडील सम्राटाशीं संधान बांधल्याचा आरोप निघाला. बोएथियसनें त्याची बाजू घेतली, आणि बालंट त्याच्यावरच आलें.

प्लेटो व ॲरिस्टॉटल लॅटिनमध्यें आणण्याचा त्याचा संकल्प अपुराच राहिला. तर्कशास्त्रावरील कांहीं ग्रंथ तेवढे झाले. परंतु बाराव्या शतकापर्यंत पश्चिम युरोपाला ॲरिस्टॉटल ठाऊक होता तो बहुतांशीं एवढाच.

कारागृहांत त्यानें ‘तत्त्वविद्येचें सांत्वन’ लिहिलें. तत्त्वविद्या स्त्रीरूपानें त्याच्या शय्येपाशीं येते, रडगाणीं सुचविणाऱ्या काव्यदेवतांना हांकून देते, आणि विचारते : दैव चंचल हें तुला ठाऊक नव्हतें काय? त्यानें दिलें तें तुझें कधींच नव्हतें. मग शोक कशाचा? नवल हें, कीं ख्रिस्ती धर्मतत्त्वांवर निबंध लिहिणाऱ्या या पुरुषाच्या अखेरच्या ग्रंथांत ख्रिस्ताचें नांवहि नाहीं. त्याच्या श्रद्धेविषयीं शंका घेणारे निघाले. पण केवळ बुद्धीच्या बळावर माणूस कोठवर जातो, हेंच त्याला पाहावयाचें असावें.

इ. स. ५२४ च्या सुमारास त्याचा वध झाला. पुढें चॉसरनें हा ग्रंथ इंग्रजींत आणला, आणि १५९३ सालीं खुद्द राणी एलिझाबेथनें.