कालवा शेतीचा, तहान गावाची

१८७६-७८ च्या दुष्काळानंतर इंग्रजांनी नीरा डावा कालवा काढला, तो शेतीसाठी. पुढं त्याच्याच लाभक्षेत्रात ऊस वाढला, सोमेश्वरनगरला साखर कारखाना आला, वस्ती वाढली. आज बारामती शहरसुद्धा ह्याच कालव्यातून साठवण तलाव भरून पाणी पितं.

१९८७ च्या राष्ट्रीय जलनीतीनं पिण्याच्या पाण्याला पहिला क्रम दिला. पण कालव्याचं पाणी शेताशेतांतून खाली येतं. आवर्तन लांबलं तर ऊस काही दिवस तग धरतो. माणसाचं तसं नाही.

म्हणून आवर्तन सुटल्यावर आधी तलाव भरायचे की चाऱ्या सोडायच्या, हे टंचाईत भांडून नव्हे, पाणी असतानाच सर्वांनी बसून ठरवलं पाहिजे. नाहीतर तो पहिला क्रम कागदावरच राहतो.