गंज आणि खपली

उसाची ट्रॉली आमच्या शिरोळात रंगाला येते ती पावसाळ्यात, म्हणजे गंज ऐन जोरात असताना. दिवाळीच्या आसपास कारखाने पेटणार, मग दुसरा मुहूर्त कुठला? आमचे अण्णा विटेचा तुकडा आणि रॉकेल घेऊन पत्रा घासायचे. पुढे तारेचा ब्रश आला, पॉलिश पेपर आला. वर शेंदराचा हात. तो शेंदूर शिशाचा, पण हाताला काय लागतंय याची चौकशी कोण करतो!

गंज निदान दिसतो. फसवतं ते नवं लोखंड. तापवून लाटलेल्या पत्र्यावर निळसर-काळी खपली असते. रंग तिच्यावर झकास बसतो आणि ती सुटली की तिच्यासकट जातो. वेल्डिंगच्या सांध्यात तर ती नकोच. म्हणून जुने मिस्त्री नवा अँगल मुद्दाम पावसात टाकायचे. गंजानं खपली सैल झाली की घासायचे.

गंज आणि खपली उडवणाऱ्या वाळूच्या माऱ्याचं पेटंट अमेरिकेत टिल्घमन नावाच्या माणसानं १८७० मध्येच घेतलेलं. त्या धुळीनं फुप्फुसं जातात म्हणून ब्रिटननं १९४९ च्या नियमांनी ओतकामावर वाळू मारणं थांबवलं. आमच्याकडे आला हातातला ग्राइंडर.

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णा-पंचगंगेचं पाणी शिरोळ तालुक्यात शिरलं, तेव्हा ग्राइंडरची मर्यादा कळली. बाहेरचा गंज ग्राइंडरनं काढता येतो. पोकळ पाइपात पाणी साचलं, तर पाइप कापूनच टाकावा लागतो.